दरवाजे उघडले म्हणे: पुराच्या दिवसांत वाड्याचा ग्रुप कसा सांभाळायचा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्याचा, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीचा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मी सांभाळतो. काही वर्षांपूर्वी आषाढातल्या एका रात्री साडेअकराच्या सुमारास त्यावर एक ऑडिओ आला. "धरणाचे सगळे दरवाजे उघडलेत, अर्ध्या तासात पाणी घरात शिरणार, जीव वाचवा." आवाज घाबरलेला होता, बोली आपल्याच भागातली होती. मी तो लगेच आणखी तीन ग्रुपांवर टाकला. पुढच्या अर्ध्या तासात खालच्या बाजूला राहणारी एक म्हातारी बाय अंधारात निसरड्या पायवाटेने वर येताना पडली आणि तिचं मनगट मोडलं. त्या रात्री कुठलेच दरवाजे उघडले नव्हते. ऑडिओ कुठल्या धरणाबद्दल होता आणि कुठल्या वर्षीचा होता, ते मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून दर पावसाळ्यात जे शिकलो ते इथे लिहितो आहे. वाड्याचा, सोसायटीचा, देवस्थानचा किंवा शाळेच्या पालकांचा ग्रुप सांभाळणाऱ्या कुणालाही ते वापरता येईल.

आधी हे समजून घ्या: अफवा चालते कशी

आपल्या भाषेत एक फार उपयोगी शब्द आहे, 'म्हणे'. "दरवाजे उघडले म्हणे" असं म्हणणारा सांगत असतो की हे मी पाहिलेलं नाही, ऐकलं आहे. फोनवर लिहिताना, विशेषतः घाईत, पहिल्यांदा गळतो तो हाच शब्द. पहिला लिहितो "उघडले म्हणे", दुसरा "उघडले", तिसरा "सगळे उघडले" आणि चौथा त्यापुढे लाल दिव्याची तीन चिन्हं लावतो. चौघांपैकी कुणीही खोटं बोलायला बसलेला नसतो.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. त्यानंतर पसरलेल्या अफवा जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञांनी गोळा केल्या. नेपाळच्या बाजूने पुराचा लोंढा येतो आहे, अमक्या तारखेला प्रलय होणार आहे, ग्रहणाच्या दिवशी पुन्हा भूकंप होणार आहे, असं त्यांत होतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांना या नोंदींत एक वेगळी गोष्ट दिसली. जिथे हादरा जाणवला पण नुकसान झालं नव्हतं, तिथेही याहून भयंकर काही येणार असल्याच्या अफवा जोरात होत्या. भीती अंगात आधीच शिरलेली होती आणि माणसं तिला साजेसं कारण शोधत होती. आमच्या ग्रुपवर मी हेच पाहतो. ज्याच्या दारात पाणी आलं आहे त्याला टाइप करायला सवड नसते. सर्वांत जास्त फॉरवर्ड येतात ते वरच्या, सुरक्षित वाड्यावरून आणि मुंबई-पुण्यात राहणाऱ्या आपल्याच मुलांकडून. ती जिवाच्या काळजीने पाठवतात, म्हणून त्यांना झापून काही साधत नाही.

दुसरं असं की अफवा जुन्या खऱ्या आठवणीवर रुजते. पूल कोसळल्याचा मेसेज गोव्यात लगेच खरा वाटतो, कारण ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवीवरचा पूल खरोखरच कोसळला होता. १८ मे २०१७ रोजी कुडचडे-सावर्डेजवळचा जुना पोर्तुगीजकालीन पादचारी पूल पडला आणि ७ ऑगस्ट २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर कारवारजवळ काळी नदीवरचा जुना पूल गेला. या घटनांचे फोटो आजही कुठल्या ना कुठल्या फोनमध्ये आहेत. जोराचा पाऊस लागला की ते नवी तारीख घेऊन बाहेर पडतात.

पावसाळ्याआधी: आपलं पाणी ओळखा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि बहुतेक लोक नेमकी हीच गाळतात. पुराच्या रात्री शहानिशा करायला बसाल तर उशीर झालेला असतो. मे महिन्यात, काजू-आंब्याची धांदल ओसरली की, एक संध्याकाळ काढा आणि वाड्यातल्या चार जाणत्या माणसांना घेऊन बसा.

एका वहीत पहिला प्रश्न लिहा: आपल्या दारात पाणी कुठून येतं? अंजुणे धरणातून सोडलेलं पाणी वाळवंटी नदीत येतं आणि साखळीकडे जातं. तिळारी धरण महाराष्ट्रात, दोडामार्ग तालुक्यात आहे, पण तिथून सोडलेलं पाणी डिचोलीतल्या साळ आणि पेडण्यातल्या इब्रामपूरसारख्या गावांना लागतं आणि पुढे शापोरा नदीतून समुद्राला मिळतं. म्हणजे 'धरणातून पाणी सोडलं' हा मेसेज साळच्या माणसाच्या जिवाशी निगडित आहे, पण मडगावच्या माणसाला त्याच पाण्याने काहीही होणार नाही. सांग्याच्या साळावली धरणाचा सांडवा बदकाच्या चोचीच्या घाटाचा आहे. धरण भरलं की पाणी त्यावरून आपोआप ओसंडतं आणि ते बघायला पर्यटक जातात. 'साळावली ओव्हरफ्लो' ही बातमी दर पावसाळ्यात येते आणि बाहेरगावचे नातेवाईक घाबरून फोन करतात. वहीत या सगळ्यासाठी दोन ओळी पुरतात: आपल्या वरच्या अंगाला धरण आहे का, आणि असल्यास कोणतं.

'बांध' या शब्दाने गोव्यात जितका घोळ होतो तितका दुसऱ्या कुठल्या शब्दाने होत नसेल. खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचा, बांध फुटतो, मानशीपाशी (बांधातल्या पाण्याच्या दारापाशी) खिंडार पडतं आणि खारं पाणी शेतात शिरतं. शेतकऱ्याचं त्यात मोठं नुकसान होतं, पण जीव जाईल अशी लाट येत नाही. 'बांध फुटला' एवढाच मेसेज तिसवाडीतून निघून घाटापर्यंत पोचला की वाचणाऱ्याला धरण फुटलेलं दिसतं. ओढ्यावरचा बंधारा तर वेगळाच. म्हणून ग्रुपवर नियम करा: खाजनाचा बांध, बंधारा आणि धरण हे तीन शब्द वेगळे लिहायचे आणि सोबत गावाचं नाव द्यायचं.

आकड्यांचंही तसंच आहे. पाण्याच्या विसर्गाची दोन मापं चालतात. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, १,००० लिटर. एका अक्षराच्या चुकीने पाणी ३५ पट वाढतं. मापाचं नाव नसलेला आकडा आला तर तो आकडा नाहीच, असं धरा.

भरतीची वेळही लिहून ठेवा. मांडवी-झुवारीत भरतीचं पाणी खूप आतवर चढतं. जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की पाणी तुंबतं, सुकती (ओहोटी) लागली की उतरू लागतं. हे माहीत असलेला वाडा "पाणी वाढतच चाललंय, आता काही खरं नाही" या मेसेजने हलत नाही, कारण ओहोटी किती वाजता लागणार हे त्याच्या भिंतीवरच्या कागदावर लिहिलेलं असतं.

आता हवामानाचे रंग. भारतीय हवामान खात्याचा पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे पडला तर जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार पाऊस धरतात. लाल इशारा म्हणजे पूर आलाच असं नाही. त्यातही एक खोच आहे. खात्याच्या नकाशावर 'कोकण-गोवा' हा एकच विभाग आहे. 'कोकण-गोव्यात अत्यंत जोरदार पाऊस' या ओळीतला पाऊस रायगडात पडणार असू शकतो. म्हणून विभागाची नव्हे, आपल्या जिल्ह्याची ओळ वाचायची सवय लावा. खात्याचं 'मौसम' अ‍ॅप आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' अ‍ॅप वाड्यातल्या निदान पाच फोनांवर असू द्या.

शेवटी माणसं. वहीच्या मागच्या पानावर पंच, तलाठी, मामलेदार कार्यालय आणि जवळचं अग्निशमन केंद्र यांचे नंबर लिहा. त्याखाली ११२ (आणीबाणी), १०१ (अग्निशमन), १०८ (रुग्णवाहिका) आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७. सगळे मे महिन्यातच एकदा लावून बघा, कारण बदललेले नंबर ऐन वेळी कळून उपयोग नसतो. पण माझ्या अनुभवात सर्वांत मोलाचा नंबर नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या ओळखीच्या माणसाचा. त्याच्या घराच्या पायरीवरून नदी दिसत असली पाहिजे. केरीतला मेव्हणा, साखळीच्या बाजारातला दुकानदार, असा कुणीही चालेल. त्याचं एक वाक्य शंभर फॉरवर्डना पुरून उरतं.

मेसेज आला: पहिली पाच मिनिटं

एक गोष्ट सगळ्यांच्या आधी ठरवून टाका. तुम्ही सखल जागी राहत असाल आणि मेसेज खरा असण्याची थोडीही शक्यता असेल, तर आधी उठा. म्हाताऱ्यांना आणि मुलांना वर न्या, गुरं सोडा. मेसेज तपासणं नंतर. इशारा खोटा निघाला तर झोप गेली एवढंच, आणि खऱ्या इशाऱ्याला अफवा समजून घरात बसलात तर जीव जाईल. स्वतः हलायला खात्री लागत नाही, दुसऱ्याला पाठवायला मात्र लागते. आमच्याकडची बाय पडली तेव्हा तिला सांगितलं गेलं होतं 'पळा'. कुठल्या वाटेने, किती वेळात आणि कुणाच्या सोबतीने, हे कुणीच सांगितलं नव्हतं.

मग मेसेज पुन्हा वाचा आणि त्यात चार गोष्टी शोधा: नेमकी कुठली जागा, कुठली तारीख व वेळ, कुणी पाहिलं किंवा कुणी जाहीर केलं, आणि मी काय करायचं. खऱ्या सरकारी सूचनेत चारही असतात. अफवेत बहुधा फक्त चौथी असते, "सर्वांना पाठवा". "टीव्हीवर हे दाखवणार नाहीत" किंवा "माझा भाऊ खात्यात आहे" असं असेल तर जास्तच सावध व्हा.

मेसेजवर दुहेरी बाण दिसला तर तो पाच किंवा अधिक हातांतून आला आहे. २०१८ साली व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली आणि एप्रिल २०२० मध्ये असे फार फिरलेले मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतील असं केलं. पण बाण नाही म्हणजे मेसेज ताजा आहे, असं समजू नका. मजकूर कॉपी करून चिकटवला की बाण जातो. दुसऱ्या फोनवर वाजणारा ऑडिओ पुन्हा रेकॉर्ड केला तरी जातो.

नंतर फोन लावा, वर सांगितलेल्या वरच्या अंगाच्या माणसाला. "तू स्वतः बघतोस का, की तुलाही मेसेज आला?" हा प्रश्न शब्दशः असाच विचारा. एकदा मी तीन गावांत फोन केले आणि तिघांनीही 'हो, खरं आहे' म्हणून सांगितलं. नीट विचारल्यावर कळलं की तिघांकडे एकच ऑडिओ होता. तीन माणसं म्हणजे तीन साक्षीदार नव्हेत.

फोटो आणि व्हिडिओ

फोटो असेल तर गुगल लेन्समध्ये टाका. व्हिडिओ असेल तर थांबवून, त्यातली एखादी स्पष्ट चौकट स्क्रीनशॉटने घेऊन तीच टाका. जुना असेल तर बहुतेकदा दोन मिनिटांत सापडतो. सापडला नाही म्हणजे खरा, असं मात्र नाही. फोटोच्या आतली तारीख-जागेची माहिती शोधण्यात वेळ घालवू नका, व्हॉट्सअ‍ॅपवरून येताना ती पुसली जाते.

त्यापेक्षा डोळे वापरा. वाहनांच्या पाट्या जीए (गोवा) आहेत की केए (कर्नाटक)? दुकानाच्या फलकावर कुठली लिपी आहे? घरांची कौलं आणि चिऱ्याच्या भिंती आपल्याकडच्या आहेत का? पोलिसांचा गणवेश, वीज खात्याचे खांब, बसचा रंग? माणसांच्या तोंडची बोली कोणती? मागे ऊन पडलेलं दिसतं आणि आपल्याकडे सकाळपासून धो धो पाऊस आहे, एवढ्यावरूनही एखादा व्हिडिओ बाद होतो. २०१५ च्या चेन्नईच्या पुरात मगर संवर्धन केंद्रातून मगरी सुटल्याची अफवा अशीच फोटोसह फिरली होती आणि केंद्राला ती जाहीरपणे नाकारावी लागली. २०१८ च्या केरळच्या पुरात मुल्लपेरियार धरणाला धोका असल्याचे मेसेज फिरले आणि प्रशासनाला लोकांना धीर द्यावा लागला.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रंही यात आली आहेत. बोटं मोजून ती ओळखण्याचे दिवस गेले. एकच कसोटी टिकते: तीच घटना दुसऱ्या कुणी, दुसऱ्या कोनातून टिपली आहे का? भरवस्तीत पूल पडला असेल तर त्याचा एकच फोटो असणं शक्य नाही.

पाठवायचंच असेल तर असं लिहा

फॉरवर्ड करू नका, स्वतःच्या शब्दांत लिहा. लिहिताना माणूस विचार करतो. आमच्या ग्रुपवर आता मेसेज असा येतो:

"२३ जुलै, संध्याकाळी ६:१०. वाळवंटीचं पाणी पुलाच्या खालच्या पट्टीला लागलं आहे, मी स्वतः पाहिलं. जलस्रोत खात्याची सूचना अजून नाही. खालच्या पाच घरांनी सामान वर घ्यावं. रात्री ८ वाजता पुन्हा कळवतो, तोवर हा मेसेज इतर ग्रुपांवर टाकू नये."

यात वेळ आहे, पाहणारा आहे, काय माहीत नाही तेही आहे आणि पुढचा मेसेज कधी येणार हेही आहे. ते शेवटचं फार उपयोगी पडतं. आठ वाजता बातमी येणार हे ठाऊक असलं की मधल्या वेळात माणसं दुसरीकडे बातमी शोधत बसत नाहीत. आणि आठ वाजता काही नवं नसलं तरी "काही बदल नाही" एवढं लिहायचंच. अफवेला जागा मिळते ती याच शांततेत.

मदतीची हाक असेल तर ती पूर्ण झाल्यावर "माणसं सुखरूप, मेसेज पुढे पाठवू नये" असं त्याच ठिकाणी लिहा. नाहीतर बोट दोन दिवसांनीही त्याच घराकडे जाते आणि खरी गरज असलेलं घर मागे राहतं.

चूक दुरुस्त करताना

आधी पाठवणाऱ्याला खाजगीत फोन करा. तो वयाने मोठा असेल तर "काका, हा मेसेज जुना निघाला, तुम्हीच काढून टाका ना" एवढं बोलणं पुरतं. चारचौघांत चूक दाखवली की तो ती सोडत नाही. ग्रुपचा अ‍ॅडमिन कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसू शकतो, पण नुसता पुसलात तर 'लपवलं' असा संशय येतो, म्हणून खाली एक ओळ लिहा. त्या ओळीत आधी खरं काय ते सांगा: "अंजुणे धरणाचे दरवाजे बंद आहेत, आत्ता खात्याशी बोललो." खोटा फोटो पुन्हा चिकटवून त्यावर 'फेक' लिहू नका. घाईत वाचणाऱ्याच्या लक्षात फोटोच राहतो.

पुराच्या रात्री ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन' करावा, असं बरेच जण सुचवतात. मला ते पटत नाही. कुणाच्या घरात पाणी शिरलं तर त्याला हाक मारायला जागा हवी. त्यापेक्षा सूचनांसाठी वेगळा, फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील असा ग्रुप मे महिन्यातच करा आणि बोलण्याचा ग्रुप खुला ठेवा.

माणसांवर बोट दाखवणाऱ्या मेसेजबाबत मात्र मी अजिबात सवलत देत नाही. आग कुणी लावली, पाणी कुणी सोडलं, पूरग्रस्तांच्या घरात चोऱ्या कोण करतं, असं म्हणत एखाद्या जातीचं, धर्माचं किंवा 'बाहेरच्यांचं' नाव घेणारा मेसेज मी त्याच मिनिटाला काढतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं. तिथेही आधी मेसेजच फिरले होते. कायद्याचंही लक्षात ठेवा. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ नुसार घबराट पसरवणारा खोटा इशारा देणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ मध्ये खोट्या माहितीने लोकांत भीती पसरवण्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

फोनच बंद पडला तर

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गोव्याजवळून गेलं तेव्हा अनेक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. फोन उतरले, नेटवर्क गेलं आणि ऐकीव गोष्टी तोंडोतोंडी फिरल्या. म्हणून सेलवर चालणारा एक रेडिओ वाड्यात असू द्या. आकाशवाणीच्या पणजी केंद्राच्या बातम्या ठरल्या वेळी एका घरात ऐकायच्या आणि तिथून एकाच माणसाने, फळ्यावर वेळ घालून, देवळाच्या मंडपात लिहायच्या.

पाणी उतरल्यावर मदतीच्या नावाने पैसे मागणारे मेसेज येतात. २०२० साली पीएम केअर्स निधीच्या यूपीआय पत्त्यातलं एकच अक्षर गाळून बनावट पत्ते फिरवले गेले होते. मदत पाठवायची तर निधीच्या सरकारी संकेतस्थळावरून पत्ता स्वतः टाइप करा, मेसेजमधल्या क्यूआर कोडवरून नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा, जितका लवकर कराल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

आमच्या ग्रुपवर मृग लागायच्या आत एक मेसेज वर पिन करतो. तो जसाच्या तसा घ्या, फक्त नद्यांची आणि माणसांची नावं आपली घाला:

"आपली नदी: ___. वरच्या अंगाचं धरण: ___. वर जायची वाट: ___, रात्री जायचं झाल्यास टॉर्च कुणाकडे: ___. ज्यांना उचलून न्यावं लागेल ती घरं: ___, त्यांच्याकडे जाणारी दोन माणसं: ___. वरच्या अंगाला पाणी बघणारा: ___. पुराच्या वेळी दर दोन तासांनी सूचना येईल. मधल्या वेळी काही कळलं तर कुठे, कधी, कुणी पाहिलं हे लिहावं. फक्त ऐकलं असेल तर शेवटी 'म्हणे' लिहावं."